विश्लेषण : ड्रिबलिंगला बंदी, फक्त डाव्या पायाने खेळ! प्रशिक्षक रहीम यांनी भारतीय फुटबॉलपटू कसे घडवले?

नाशिकमधल्या कुठल्याही मैदानावर सकाळी फुटबॉल खेळणारी शाळकरी मुले पाहिली, तर दोन गोष्टी हमखास दिसतात. चेंडू मिळाला की दोघा-तिघांना चकवण्याचा मोह आवरत नाही. आणि चेंडू डाव्या पायाकडे आला, तर आधी तो उजव्या पायाकडे घेतला जातो. तेवढ्यात समोरचा खेळाडू येऊन चेंडू घेऊन जातो.

या दोन सवयी मोडण्यासाठी हैदराबादच्या एका शाळाशिक्षकाने स्वतंत्र स्पर्धा भरवल्या होत्या. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. १९५१ आणि १९६२ मध्ये भारताने फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हा प्रशिक्षक तेच होते. २०२४ मध्ये आलेल्या ‘मैदान’ चित्रपटामुळे हे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले. चित्रपटाचा भर साहजिकच सामन्यांच्या थरारावर होता. पण रहीम यांचे खरे काम सरावाच्या मैदानावरचे आहे.

कोण होते रहीम?

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादमध्ये झाला. उस्मानिया विद्यापीठातून बी.ए. झाल्यावर ते शाळेत शिकवू लागले. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. ते स्वतः फुटबॉल खेळत, पण नाव झाले ते प्रशिक्षक म्हणून. १९४३ च्या सुमारास हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेव्हा हैदराबाद म्हणजे निजामाचे संस्थान आणि आजचा मराठवाडाही त्यातच होता.

या पोलीस संघाचा दरारा महाराष्ट्राने जवळून पाहिला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारा रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. पुढे रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली हैदराबादने लागोपाठ दोन वेळा संतोष करंडक जिंकला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरलेला संघ मुंबईचा होता.

सरावाची पद्धत काय होती?

खेळाडूला जे उत्तम जमते, तेच काही वेळ बंद करायचे, हे रहीम यांच्या पद्धतीचे सूत्र म्हणता येईल. त्यांनी हैदराबादमध्ये तरुण खेळाडूंसाठी अशा स्पर्धा घेतल्या, ज्यात ड्रिबलिंग करायचेच नाही. काही स्पर्धांत फक्त कमकुवत पायाने खेळायचे, म्हणजे बहुतेकांना डाव्या पायाने.

वरकरणी हा खेळ गमतीचा वाटतो, पण नियम बदलला की डोके वेगळे चालू लागते. ड्रिबलिंग करता येत नसेल, तर चेंडू पायात येण्याआधीच मान वर करून सहकारी कुठे आहे ते पाहावे लागते. ज्याच्याकडे चेंडू नाही, त्यालाही उभे राहून चालत नाही. त्याने धावत मोकळ्या जागेत गेले नाही, तर पास द्यायचा कोणाला? म्हणजे बंदी एकावर, पण सराव सगळ्या संघाचा होतो.

कमकुवत पायाचेही तसेच. चांगला बचावपटू समोरच्याला ढकलत ढकलत त्याच्या कच्च्या बाजूला नेतो. दोन्ही पाय चालत असतील, तर हा डाव फसतो. शिवाय चेंडू एका पायाकडून दुसऱ्याकडे घेण्यात जाणारा क्षण वाचतो. आज अनेक देशांतल्या अकादमींमध्ये ‘दोनच स्पर्श’ किंवा ‘फक्त डावा पाय’ अशा अटी घालून सराव घेतला जातो. रहीम हे काम इंटरनेट सोडाच, टीव्हीवर सामने पाहण्याचीही सोय नसलेल्या काळात करत होते.

खेळाडू शोधणे हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा इथला तुलसीदास बलराम हा गरीब घरातला मुलगा. सरावाला यायला पैसे नाहीत, म्हणून तो कचरत होता. रहीम यांनी त्याच्या भाड्याच्या सायकलीचे पैसे स्वतः दिले. हाच बलराम पुढे १९५६ आणि १९६० च्या ऑलिम्पिकमध्ये खेळला.

दहा गोलांच्या पराभवाने काय शिकवले?

रहीम यांची कारकीर्द नुसत्या विजयांची नाही. १९५१ मध्ये दिल्लीत इराणला १-० ने हरवून भारताने आशियाई सुवर्ण जिंकले आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे चिरडले. भारताचे काही खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळत होते. अनवाणी पायाला चेंडूचा स्पर्श छान कळतो, हे खरे. पण ओल्या, थंड मैदानावर बूट घातलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे त्याचा काय उपयोग? या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले.

त्याच ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या हंगेरीची शैलीही फुटबॉलविश्वात गाजली. त्यांचा मुख्य आघाडीपटू मागे येऊन खेळे आणि बचाव करणाऱ्यांची पंचाईत होई. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये रहीम यांनीही एका आघाडीपटूला असेच मागे ठेवले.

तिथे भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होता. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. नंतर नेव्हिल यांनीच भारताला आघाडी मिळवून दिली, पण भारत १-४ ने हरला. चार वर्षांत १०-१ वरून इथपर्यंत येणे ही साधी गोष्ट नव्हती. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३-० ने हरवले आणि भारत चौथा राहिला. ऑलिम्पिक फुटबॉलमधली भारताची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

जकार्तात काय घडले?

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेपर्यंत रहीम यांना कर्करोगाने गाठले होते. सुरुवातही वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवले. थायलंडविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला, पण मुख्य बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मार बसून टाके पडले. जपानला २-० ने हरवून भारत उपांत्य फेरीत आला.

आता जखमी बचावपटूचे करायचे काय? बचावात डोक्याने चेंडू परतवणे हे सततचे काम आणि तेच टाळायला हवे. एखाद्या प्रशिक्षकाने त्यांना बाहेर बसवले असते. रहीम यांनी त्यांना चक्क आघाडीला खेळवले. जर्नेल कॉलेजात असताना पुढे खेळत, हे रहीम विसरले नव्हते. बचावाची बाजू अरुण घोष यांनी सांभाळली. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ ने जिंकला आणि त्यात जर्नेल यांचाही एक गोल होता.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेपासून दूर ठेवले होते. त्यावर भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्याने जकार्तात भारताविरुद्ध संताप होता. सेनायन स्टेडियममधले प्रेक्षक सामनाभर भारताची हुर्यो उडवत होते. आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली होती, अशी आठवण पी. के. बॅनर्जी पुढे सांगत.

पहिल्या वीस मिनिटांतच बॅनर्जी आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला. भारत २-१ ने जिंकला. त्या संघात कर्णधार चुनी गोस्वामी आणि बलराम यांच्यासह मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको हेही होते.

रहीम यांच्यानंतर काय?

११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी रहीम यांचे निधन झाले. जकार्ताच्या विजयाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिम्पिक संघात होता. पुढे ते फिफाचे पंच आणि प्रशिक्षक झाले.

आशियाई स्पर्धेत भारताने त्यानंतर एकच फुटबॉल पदक जिंकले, १९७० मध्ये बँकॉकला कांस्य. त्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन यांना पुढे १९९० मध्ये प्रशिक्षणासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या खेळाची सुरुवात रहीम यांच्याच हैदराबाद सिटी पोलीस संघात झाली होती.