शतायुषी खेळाडू प्राध्यापक : कै. दि. ब. देवधर

संस्कृतचे प्राध्यापक म्हटले की खांद्यावर उपरणे, हाती पोथी आणि मुखी श्लोक अशी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात मात्र संस्कृतचे एक प्राध्यापक असे होऊन गेले की, त्यांच्या हाती पोथीइतकीच बॅटही शोभत असे. कै. प्रा. दिनकर बळवंत देवधर हे ते गृहस्थ होत. आपल्या मावळ तालुक्यात गहुंजे येथे, द्रुतगती मार्गालगत, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे जे मोठे मैदान २०१२ पासून आहे, तेथे त्यांचा पुतळा आहे. सामने पाहावयास जाणाऱ्या तरुण मंडळींनी त्या पुतळ्यामागचा माणूस जाणून घ्यावा, इतकी त्याची योग्यता खचित आहे.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. ते पाच वर्षांचे असताना, १८९७ साली, पुण्यात प्लेगने हाहाकार उडवला होता. अशा त्या शहरात गोऱ्या साहेबांचा जिमखाना वेगळा, आपल्या लोकांचा वेगळा, अशी वाटणी होती. साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखणारा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा एक तरुण पुढे हिंदू संघाचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज झाला. तो पळवणकर बाळू. जातीमुळे त्याला बरोबरीच्या खेळाडूंशेजारी बसून चहाही घेता येत नसे. १९११ साली बाळू विलायतेच्या दौऱ्यावर शंभरांहून अधिक बळी घेऊन आला आणि त्याच साली देवधरांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पाऊल टाकले. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे संघ तेव्हा मुंबईस एकमेकांविरुद्ध खेळत. देवधर हिंदूंच्या बाजूने खेळले.

क्रिकेटमध्ये त्या काळी पैसा नव्हता. खेळावे ते हौसेने आणि पोट भरावे ते नोकरीवर, अशीच रीत होती. देवधरांनी अध्यापनाचा पेशा पत्करला. सर परशुरामभाऊ महाविद्यालय १९१६ साली न्यू पूना कॉलेज या नावाने निघाले होते. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवले. खेळणाऱ्या मुलाने अभ्यासाकडे पाठ फिरवलीच म्हणून समजावे, अशी आपल्याकडील पालकांची समजूत असते. तिला या एका माणसाचे उदाहरण पुरेसे आहे.

१९२६ च्या अखेरीस आर्थर गिलिगन याच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा इंग्लिश संघ हिंदुस्थानात आला. मुंबईस अखिल हिंदुस्थानच्या संघाने त्यांच्याशी सामना केला, त्यात देवधरांनी १४८ धावा काढल्या. आपले लोक साहेबाच्या तोडीस तोड खेळू शकतात, हे सी. के. नायडू आणि देवधर यांच्या शतकांनी त्या दौऱ्यात दाखवून दिले. पुढे १९२८ साली देशाचे क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला.

ज्यांनी दार ठोठावले त्यांत देवधर होते. दार उघडले तेव्हा मात्र ते आत नव्हते. १९३२ साली त्यांना चाळीस वर्षे पूर्ण झाली होती. संघात त्यांची निवड झाली नाही. पुढच्याच वर्षी कसोटी सामने आपल्या देशात झाले, तेव्हाही नाही. अधिकृत कसोटी सामना देवधरांच्या वाट्यास कधीच आला नाही. चाळिशीच्या माणसाला बाजूला ठेवणे निवडणाऱ्यांना त्या वेळी शहाणपणाचे वाटले असेल. पण पुढची दहा-बारा वर्षे पाहिली म्हणजे त्यांचा अंदाज साफ चुकला असे म्हणावे लागते.

भाताची कापणी झाली की आपल्या खाचरांत स्टंप रोवले जातात. तेथे तिशी उलटलेला गडी पंच म्हणून उभा राहतो आणि आता आपले खेळायचे वय राहिले नाही असे सांगतो. देवधरांची खरी कामगिरी चाळिशीनंतर सुरू झाली. रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या संघाकडे पैसा होता, मैदाने होती, नावाजलेले खेळाडू होते. महाराष्ट्राच्या संघाकडे त्या मानाने काहीच नव्हते. देवधरांनी कर्णधार म्हणून हा संघ बांधला. सांगलीचे विजय हजारे, रंगा सोहोनी असे तरुण त्यांच्या हाताखाली खेळले. १९३९-४० मध्ये हजारे यांनी पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, आणि त्याच हंगामात संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव करून महाराष्ट्राने प्रथमच रणजी करंडक जिंकला.

दुसऱ्या वर्षी पुण्यातच गाठ पडली ती मुंबईशी. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यातल्या २४६ एकट्या देवधरांच्या, त्याही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील ही सर्वोच्च धावसंख्या. उलट मुंबईनेही ६५० पर्यंत मजल मारली. केवळ पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला आणि मद्रासला अंतिम सामना जिंकून लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक घेऊन आला. त्यानंतर महाराष्ट्राचा संघ १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण तिन्ही वेळा हार पत्करावी लागली.

एवढ्यावरही त्यांनी बॅट खाली ठेवली नाही. १९४४ साली, वयाची बावन्न वर्षे पूर्ण झालेली असताना, पुण्यास नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके ठोकली, एक १०५ धावांचे आणि दुसरे १४१ धावांचे. पहिल्या महायुद्धाच्या आधी प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही खेळलेला असा खेळाडू साऱ्या जगात विरळाच.

त्यांच्या घराविषयी सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. ज्या काळात घरोघरी दिवेलागणीनंतर मुलींनी उंबरठा ओलांडू नये असा दंडक होता, त्या काळात देवधरांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही कन्यांनी बॅडमिंटनमध्ये नाव काढले. १९४० नंतरच्या दशकात या भगिनींनी राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली आणि देशभर देवधर भगिनी म्हणून त्या ओळखल्या जाऊ लागल्या. (या खेळाचे नियम प्रथम पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले आणि आरंभी त्याला पूना असेच नाव होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) मुलींनी चारचौघांत खेळावयाचे तर त्या वेळी नातेवाइकांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सर्वांचे बोलणे सोसावे लागे. वडील पाठीशी उभे असल्याखेरीज एकाच घरात तीन अजिंक्य खेळाडू तयार होत नसतात. करंडक जिंकण्याइतकेच हे कामही मोठे, किंबहुना काकणभर सरसच.

खेळणे थांबले तरी खेळाशी नाते तुटले नाही. महाराष्ट्राच्या आणि देशाच्या क्रिकेट संघटनांत त्यांनी मोठी पदे सांभाळली, संघनिवडीचे काम केले. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७३-७४ मध्ये विभागीय संघांसाठी मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली, तिला देवधर करंडक हे नाव त्यांच्या हयातीतच देण्यात आले. १९९१ साली पद्मभूषण हा किताब आला.

१४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी शंभरी गाठली. प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेल्या भारतीयांत इतके आयुष्य लाभलेले ते पहिलेच. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. तीन वर्षांनी, १९९६ साली, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. एकही कसोटी सामना न खेळलेल्या माणसाचे ते तिकीट सी. के. नायडू आणि विजय मर्चंट यांच्या तिकिटांसोबतच निघाले.