अब्दुस सलाम : लाहोरच्या एकाकीपणातून उघडलेले त्रिएस्तेचे दार

लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात गणित शिकवणारे अब्दुस सलाम १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईला आले होते. मुंबई भेटीवर असलेले नोबेलविजेते वुल्फगांग पाउली यांनी त्यांना बोलावले होते. परतल्यावर, रजा न घेता गाव सोडल्याबद्दल सलाम यांच्यावर ठपका ठेवण्यात आला. केंब्रिजमध्ये नावलौकिक मिळवून १९५१ मध्ये मायदेशी परतलेल्या या पदार्थवैज्ञानिकाला लाहोरमध्ये चर्चेसाठी समानधर्मी सहकारी नव्हता. महाविद्यालयाने त्यांच्याकडे सोपवला तो फुटबॉल संघ!

१९५३ मध्ये लाहोरात अहमदियाविरोधी दंगली उसळल्या. त्या पंथाचे असलेले सलाम १९५४ मध्ये केंब्रिजला परतले. देश आणि विज्ञान यांपैकी एकाचीच निवड करावी लागल्याची सल मात्र त्यांना आयुष्यभर राहिली.

त्या सलेतूनच १९६० मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या महापरिषदेत त्यांनी पाकिस्तानचे प्रतिनिधी म्हणून सैद्धांतिक भौतिकीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचा प्रस्ताव मांडला. बैलगाडीची गरज असलेल्या गरीब देशांना ही मोटारीची चैन कशाला, असा प्रगत देशांतील काहींचा सूर होता. चिकाटी सलाम यांची. पण इटलीचे पाओलो बुदिनिच पाठीशी उभे राहिले नसते, तर ती कितपत पुरली असती, हा प्रश्नच आहे. युगोस्लाव्ह सीमेलगतच्या, महायुद्धानंतर कडेला पडलेल्या त्रिएस्ते शहरासाठी बुदिनिच यांना हे केंद्र हवे होते. इटलीने आर्थिक भार उचलला आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये केंद्र सुरू झाले. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९६५-६६ मध्ये अमेरिकी व सोव्हिएत प्लाझ्मातज्ज्ञांनी तेथे एकत्र काम केले. पुढे त्याच परिसरात इतर संशोधन संस्थाही उभ्या राहिल्या.

सलाम यांची खरी कल्पकता सहयोगी सदस्यत्वाच्या योजनेत दिसते. विकसनशील देशातील संशोधकाने मायदेशातील नोकरी सोडायची नाही. काही वर्षांच्या मुदतीत तीनदा, दर वेळी सहा आठवडे ते तीन महिने त्रिएस्तेत यायचे, ताजे ज्ञान घेऊन परतायचे. खर्च केंद्राचा. स्वतःला लाहोरमध्ये जे मिळाले नाही, तेच त्यांनी इतरांसाठी नियमात बसवले. भारतीय संशोधकांनीही या दाराचा मोठा लाभ घेतला.

१९७४ मध्ये पाकिस्तानने अहमदियांना घटनेद्वारे बिगरमुस्लिम ठरवले, तेव्हा सलाम यांनी सरकारचे विज्ञान सल्लागारपद सोडले. नागरिकत्व सोडले नाही. १९७९ मध्ये ग्लाशो व वाइनबर्ग यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. त्यानंतर ते कोलकात्यात लाहोरचे आपले जुने गणितशिक्षक अनिलेंद्र गांगुली यांच्या घरी गेले आणि नोबेल पदक त्यांच्यासमोर ठेवून गुरुऋण व्यक्त केले. १९८३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या तिसऱ्या जगाच्या विज्ञान अकादमीचे ठिकाणही त्रिएस्तेच राहिले.

२१ नोव्हेंबर १९९६ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचे निधन झाले. पाकिस्तानातील रबवा येथे दफन झाले. थडग्यावरच्या शिलालेखातील ‘मुस्लिम’ हा शब्द नंतर खोडण्यात आला. त्रिएस्तेच्या केंद्राला १९९७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.