भोवळीचा माग काढणारे डॉ. बारानी

पहाटे अंथरुणावर कूस बदलावी आणि खोली गरगर फिरू लागावी, फळीवरचा डबा काढण्यासाठी मान वर करावी आणि तोल जावा, हा अनुभव दादर-परळच्या अनेक घरांतील ज्येष्ठांना ठाऊक आहे. त्याचा दोष बहुधा रक्तदाबाला, अशक्तपणाला किंवा मानेच्या मणक्यांना दिला जातो आणि गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात. प्रत्यक्षात यांतील कित्येकांचे दुखणे कानाच्या आतल्या भागात असते आणि डॉक्टरांनी ठराविक क्रमाने डोके वळवले, की ते काही मिनिटांत हटू शकते. या साध्या उपचाराची वाट ज्यांच्या निरीक्षणांनी मोकळी केली, त्या डॉ. रॉबर्ट बारानी यांना मात्र तो उपचार पाहायला मिळाला नाही.

बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. लहानपणीच हाडाचा क्षय झाला आणि एक गुडघा कायमचा आखडला. वैद्यकशास्त्राची ओढ त्यांना या आजारपणातूनच लागली, असे मानले जाते. पाय आखडला तरी टेनिस आणि डोंगरातली भटकंती त्यांनी सोडली नाही. व्हिएन्ना विद्यापीठातून १९०० मध्ये ते डॉक्टर झाले. जर्मनीत काही काळ अनुभव घेऊन परतल्यावर १९०३ मध्ये ते ॲडम पोलिट्झर यांच्या कर्णरोग विभागात रुजू झाले.

तेथे कान धुण्याचे काम रोजचेच होते. पिचकारीने पाणी सोडले, की काही रुग्णांना भोवळ येई आणि त्यांची बुबुळे एका बाजूला झटके देऊ लागत. इतरांच्या लेखी ही किरकोळ गैरसोय होती. एका रुग्णाने पाणी पुरेसे कोमट नसल्याची तक्रार केली, तेव्हा बारानी यांनी ते तापवायला सांगितले. पाणी जरा जास्तच तापले. रुग्णाला पुन्हा गरगरले, पण या वेळी बुबुळांचे झटके उलट दिशेने होते. भोवळ पाण्याच्या माऱ्याने नव्हे, तर त्याच्या तापमानाने येते, हे बारानी यांनी तत्काळ ताडले.

त्याची उकल त्यांना न्हाणीघरातल्या बंबात सापडली. बंबातले तापलेले पाणी वर चढते आणि गार पाणी तळाशी राहते. आपल्या आंतरकर्णात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. कानात गरम किंवा गार पाणी गेले, की हा द्रव तसाच हलतो आणि डोके स्थिर असूनही ते फिरत असल्याचा निरोप मेंदूला पोहोचतो, असा त्यांचा तर्क होता. १९८३ मध्ये अवकाशयानात झालेल्या प्रयोगांत गुरुत्वाकर्षणाच्या अभावीही बुबुळे हलताना दिसली. त्यामुळे हे स्पष्टीकरण पूर्ण नाही, हे सिद्ध झाले. मात्र या तत्त्वावर त्यांनी १९०६ च्या सुमारास मांडलेली कानाची चाचणी आजही वापरात आहे. भोवळ ही केवळ रुग्णाने सांगण्याची गोष्ट राहिली नाही. डोळ्यांकडे पाहून ती तपासता येऊ लागली आणि बिघाड कोणत्या कानात आहे, हेही ठरवता येऊ लागले.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा बारानी स्वेच्छेने ऑस्ट्रियाच्या सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून गेले. मार्च १९१५ मध्ये प्रेमिशल हा किल्ला रशियनांच्या हाती पडला आणि तेही युद्धकैदी झाले. मध्य आशियातील मर्व्ह येथील छावणीत असतानाच १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसच्या वतीने रदबदली केली. १९१६ मध्ये सुटका झाल्यावर बारानी यांनी स्टॉकहोमला जाऊन पारितोषिक स्वीकारले.

मायदेशी मात्र सत्काराऐवजी आरोप वाट्याला आले. इतरांच्या संशोधनाचे श्रेय आपल्या लेखनात दिले नाही, असा ठपका व्हिएन्नातील सहकाऱ्यांनी ठेवला. स्वीडनमधील तज्ज्ञ बारानी यांच्या बाजूने उभे राहिले, पण व्हिएन्नात राहणे कठीण झाले. अशी कहाणी परळला नवी नाही. प्लेगची लस मुंबईत सिद्ध करणारे वाल्डेमार हाफकिन यांच्यावरही १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे १९ जण धनुर्वाताने दगावल्यावर ठपका आला. तो पुसला जायला १९०७ उजाडले आणि परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये. बारानी यांनी १९१७ मध्ये व्हिएन्ना सोडले आणि स्वीडनमधील उप्साला येथे कर्णरोग विभागाची धुरा घेतली. १९२६ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले. परळचे केईएम रुग्णालय याच वर्षी सुरू झाले.

उप्सालातच १९२१ मध्ये त्यांनी एका २७ वर्षांच्या तरुणीच्या दुखण्याची नोंद केली. डोके विशिष्ट स्थितीत गेले, की तिला जोराची भोवळ येई आणि बुबुळे फिरू लागत. आंतरकर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे ज्या इंद्रियात असतात, त्यात बिघाड असावा, असे अनुमान त्यांनी काढले. संशय योग्य खड्यांवर होता. ते आपली जागा सोडून शेजारच्या नलिकेत घसरतात, हे मात्र कळायचे होते. पक्षाघाताने आजारी असलेल्या बारानी यांचे ८ एप्रिल १९३६ रोजी निधन झाले. साठाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले होते आणि त्यानिमित्त सत्काराची तयारी चालू होती.

पुढचा माग इतरांनी काढला. १९५२ मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी रुग्णाचे डोके एका बाजूला वळवून त्याला झटकन आडवे करण्याची आणि बुबुळे न्याहाळण्याची चाचणी रूढ केली. १९६९ आणि १९७९ मधील संशोधनांनी निसटलेल्या खड्यांचे गूढ उलगडले. अमेरिकेतील जॉन एपली यांनी खडे गुरुत्वाकर्षणाच्याच बळावर पूर्वस्थानी नेण्याची युक्ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. बाधित कानाकडे डोके वळवून रुग्णाला आडवे करायचे, भोवळ ओसरेपर्यंत थांबायचे, डोके दुसऱ्या बाजूला न्यायचे, मग शरीरासह कुशीवर वळवून चेहरा जमिनीकडे आणायचा आणि शेवटी उठवून बसवायचे. बहुतेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो. काहींना पुढे त्रास उलटतो, तेव्हा तीच क्रिया पुन्हा करता येते.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गर्दीने भरलेल्या सार्वजनिक रुग्णालयातही एक खाट आणि जाणता हात पुरतो. खडे कोणत्या कानातील कोणत्या नलिकेत आहेत, हे आधी ठरवावे लागते. म्हणून पहिल्यांदा ही क्रिया कान-नाक-घसा तज्ज्ञांकडूनच करून घेणे हिताचे. भोवळीबरोबर बोलणे अडखळले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, हातपाय लुळे पडले किंवा चालताच येईना, तर तो मेंदूचा आजार असू शकतो. अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठले पाहिजे.

बारानी यांचे नाव १९६० मध्ये स्थापन झालेल्या बारानी सोसायटीने जपले आहे. भोवळ आणि तोल यांचा अभ्यास करणाऱ्या जगभरातील तज्ज्ञांची ही संघटना. चक्कर येते असे सांगणाऱ्या रुग्णाला गोळी लिहून देण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे पाहावे, हा त्यांचा धडा मुंबईच्या प्रत्येक दवाखान्यात गिरवला गेला, तर वयोवृद्धांची किती तरी पडझड आणि किती तरी औषधे टळतील.