ट्यूबलाईटचा शिल्पकार

एखाद्याला जोक उशिरा कळला की आपण त्याला 'ट्यूबलाईट' म्हणून मोकळे होतो. पण हीच ट्यूबलाईट घेऊन एका माणसाने तीसहून जास्त वर्षं शिल्पं केली! त्या अवलियाचं नाव डॅन फ्लेविन.

१ एप्रिल १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात डॅन आणि डेव्हिड हे जुळे भाऊ जन्मले. घर कॅथलिक. डॅनने पाद्री व्हावं म्हणून त्याला सेमिनरीत घातलं, पण तिथे काही तो रमला नाही. मग एअरफोर्समध्ये हवामानाचं काम, कोरियात पोस्टिंग, आणि परतल्यावर पोटासाठी म्युझियममध्ये गार्डची नोकरी. ड्युटीवर उभ्या उभ्याच तो कागदावर स्केचेस करून युनिफॉर्मच्या खिशात कोंबायचा.

१९६२ मध्ये डेव्हिड पोलिओने गेला. जुळा भाऊ जाणं म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. डॅनने त्याच्या नावाने एक चौकोनी डबा केला आणि त्यावर पांढरी ट्यूब बसवली. २५ मे १९६३ ला त्याने डबाही सोडून दिला. ८ फुटांची एक पिवळी ट्यूब ४५ अंशात भिंतीवर लावली. बस, झालं शिल्प!

बरेच जण याला निऑन समजतात. पण निऑनची नळी कारागीर तापवून हवी तशी वाकवतो. फ्लेविनच्या ट्यूब साध्या फ्लुरोसंट. पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अल्ट्राव्हायोलेट किरण आतल्या फॉस्फरवर पडतात आणि उजेड होतो. दुकानात मिळतील त्याच लांबीच्या, त्याच रंगांच्या ट्यूब तो वापरायचा. रशियन कलाकार टाटलिनचा प्रचंड टॉवर कधी बांधलाच गेला नाही. त्याच्या आठवणीत फ्लेविनने १९६४ पासून ३९ 'स्मारकं' केली. स्मारक म्हणायचं, आणि ट्यूब उडाली की अंधार! ही थट्टा मुद्दामच होती.

मग ही कला की नुसतं फिटिंग? वाद थेट कस्टम्सपर्यंत गेला. २००८ मध्ये लंडनच्या ट्रिब्युनलने त्याचं काम शिल्प ठरवलं. २०१० मध्ये युरोपियन कमिशनने उलट निर्णय दिला, की टॅक्सपुरते हे दिवेच. त्यांचं म्हणणं, कला असेल तर ती उजेडात आहे, फिटिंगमध्ये नाही. गंमत म्हणजे फ्लेविनचा सगळा खटाटोपही उजेडासाठीच होता! ट्यूबमुळे समोरची भिंत, कोपरा, आपला चेहरासुद्धा रंगून जातो.

२९ नोव्हेंबर १९९६ ला फ्लेविन गेला. त्याच्या दोनच दिवस आधी त्याने शेवटचं डिझाईन पूर्ण केलं होतं, मिलानमधल्या एका चर्चसाठी. १९९७ मध्ये तिथे निळ्या, हिरव्या, गुलाबी, सोनेरी ट्यूब लागल्या. सेमिनरीत न रमलेला मुलगा शेवटी चर्चमध्ये उजेड देऊन गेला.

तेव्हा यापुढे कुणी 'ट्यूबलाईट' म्हणालं, तर वाईट वाटून घेऊ नका!