खिडकीतला चित्रकार : कामिय पिसारो

चित्रकलेतले मला फारसे कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. आमच्या घरात चित्र म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर. पण ग्रंथालयात एका जाडजूड पुस्तकात पॅरिसच्या मोंमार्त्र हमरस्त्याचे चित्र दिसले आणि पान उलटवेना. घोडागाड्यांच्या रांगा, निष्पर्ण झाडे आणि माणसे म्हणजे नुसते रंगाचे ठिपके! नाक नाही, डोळे नाहीत. तरी सगळी कामाच्या घाईत आहेत हे कळते.

हे चित्र काढणारे कामिय पिसारो १८३० साली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट टॉमस बेटावर जन्मले. वडिलांचे दुकान होते. मुलाने गल्ल्यावर बसावे ही त्यांची इच्छा. मुलाचे लक्ष बंदरावरच्या हमालांची चित्रे काढण्यात. १८५२ मध्ये ते एका डॅनिश चित्रकाराबरोबर व्हेनेझुएलाला गेले आणि १८५५ मध्ये पॅरिसला पोचले. पुढे आईकडे घरकाम करणाऱ्या जूलीशी, घरच्यांचा रोष पत्करून, त्यांनी संसार मांडला. आठ मुले झाली, आणि पैशांची ओढाताण तर पाचवीलाच पुजलेली.

१८७० च्या युद्धात त्यांना लंडन गाठावे लागले. परतले तेव्हा प्रशियन सैनिकांनी घराची दैना केलेली आणि आजवर काढलेली बहुतेक चित्रे नष्ट झालेली. मी असतो तर कुंचला फेकूनच दिला असता. त्यांनी १८७४ ते १८८६ या काळातल्या दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या आठही प्रदर्शनांत चित्रे मांडली. असे ते एकटेच.

उतारवयात डोळ्याचे दुखणे मागे लागले. धूळवारा सोसवेना, आणि जन्म तर उघड्यावर चित्रे काढण्यात गेलेला! फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यांनी हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीतून तो एकच रस्ता चौदा वेळा रंगवला. कधी धुक्यात, कधी पावसात, कधी उन्हात. रात्रीचे चित्र मात्र एकच. त्यावर त्यांची सही नाही, आणि हयातीत ते प्रदर्शनात लागलेही नाही. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १९०३ साली पिसारो वारले.

आमच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून बाजाराचा रस्ता दिसतो. माझे वडील तिथे हातगाडी ओढतात, हे वर्गात मी कुणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी पुस्तक मिटून खाली पाहिले, तर गर्दीत एक मळका सदरा आणि वाकलेली पाठ, एवढाच ठिपका. मी लगेच ओळखला. शेजारच्या मित्राने काय बघतोस म्हणून विचारले. मी बोट दाखवले आणि ते माझे वडील आहेत असे सांगितले. तोही उठून खिडकीशी आला.