हायगेटच्या रविवारसभा आणि झाशीचे प्रकरण

१८५८ च्या मार्चअखेरीस सर ह्यू रोज याच्या तोफा झाशीच्या तटावर आग ओकत होत्या, तेव्हा किल्ल्यातून त्यांना उत्तर देणाऱ्या गोलंदाजांत गौस खान अग्रभागी होता. नेवाळकरांच्या आश्रयाने बुंदेलखंडात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांनी या लढ्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली. १८९४ मध्ये दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि ही कहाणी मराठी वाचकांच्या हाती आली. मात्र झाशीच्या समराला अखिल हिंदुस्थानच्या स्वातंत्र्ययुद्धातील एक पर्व म्हणून मांडणारा मराठी ग्रंथ लिहिला गेला तो थेट लंडनमध्ये, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या हातून.

विनायक दामोदर सावरकर यांचा जन्म २८ मे १८८३ रोजी नाशिकजवळील भगूर येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर, लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीच्या आधारावर, १९०६ च्या जूनमध्ये त्यांनी मुंबईचा किनारा सोडला. लंडनमध्ये ‘ग्रेज इन’ या संस्थेत त्यांचे नाव दाखल झाले. त्या काळी बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्याला परीक्षांइतकीच संस्थेतील सहभोजनांची हजेरी आवश्यक असे. ठरावीक जेवणे झाल्याखेरीज सनद मिळत नसे. सावरकरांनी हे सारे यथासांग पार पाडले. परंतु त्यांच्या मनाची घडण ग्रेज इनच्या मेजावर झाली नाही. ती झाली उत्तर लंडनच्या हायगेट भागात, क्रॉमवेल अव्हेन्यूवरील ६५ क्रमांकाच्या घरात.

हे घर म्हणजे पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी हिंदी विद्यार्थ्यांसाठी उघडलेले वसतिगृह, ‘इंडिया हाउस’. १ जुलै १९०५ रोजी समाजवादी पुढारी हाइंडमन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा वयोवृद्ध दादाभाई नौरोजीही उपस्थित होते. राहण्याची सोय जेमतेम पंचवीस जणांची. पण रविवारच्या सभेला लंडनभरचे विद्यार्थी जमत. कोणी इटलीच्या मुक्तिसंग्रामावर बोले, कोणी शिखांच्या इतिहासावर, आणि मग वाद रंगे. पाहुणा थोर आहे म्हणून त्याचे म्हणणे मुकाट्याने मान्य करण्याची तेथे रीत नव्हती. वसतिगृहाच्या खऱ्या शिक्षणाचे मर्म येथेच शोधावे लागते.

१९०६ च्या ऑक्टोबरात ट्रान्सवालमधील हिंदी लोकांचे गाऱ्हाणे घेऊन मोहनदास गांधी लंडनला आले. तेही येथे उतरले आणि श्यामजींशी दीर्घ चर्चा करून गेले. पुढे १९०७ मध्ये श्यामजींनी पॅरिस गाठले आणि घराची सूत्रे सावरकरांकडे आली. १० मे १९०८ रोजी सत्तावनच्या उठावाचा स्मरणदिन मोठ्या प्रमाणावर साजरा झाला, तेव्हा पॅरिसहून आलेले सरदारसिंह राणा अध्यक्षस्थानी होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बिपिनचंद्र पाल, लाला लजपतराय आणि टिळकांच्या अपिलाच्या कामासाठी आलेले अमरावतीचे दादासाहेब खापर्डे असे तीन वक्ते विद्यार्थ्यांना लाभले. डिसेंबरअखेर कॅक्स्टन हॉलमध्ये गुरू गोविंदसिंहांची जयंती झाली; तेथे पाल अध्यक्ष होते आणि लजपतराय वक्ते.

या काळातच सत्तावनचा ग्रंथ आकार घेत होता. दिवसा इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात के आणि मॅलेसन यांचे जाडजूड खंड उलगडायचे आणि इंग्रज लेखकांनी ज्याला शिपायांचे बंड म्हटले त्यातून वेगळा अर्थ काढायचा, असा सावरकरांचा उद्योग चालला होता. झाशीच्या राणीला त्यांनी ग्रंथात मानाचे स्थान दिले आणि त्यासाठी पारसनीसांच्या चरित्राचाही आधार घेतला. नानासाहेब आणि अझीमुल्ला, राणी आणि मौलवी अहमदशहा यांना त्यांनी एकाच पंक्तीला बसवले. त्यांच्या उत्तरायुष्यातील राजकारणाविषयी तीव्र मतभेद आहेत; पण हा ग्रंथ वाचताना त्यातील हिंदू-मुसलमानांच्या एकजुटीचा गौरव नजरेआड करता येत नाही.

१ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांचा वध केला आणि सभागृहातील वादांना रक्ताचा रंग चढला. ५ जुलैच्या निषेधसभेत ठराव एकमताने संमत झाल्याची घोषणा होताच सावरकरांनी उभे राहून हरकत घेतली. बिपिनचंद्र पालांनी मात्र या कृत्याचा निषेध केला, आणि त्यांचे स्वतःचे चिरंजीव निरंजन तर इंडिया हाउसच्या वर्तुळातले होते! ज्या वडीलधाऱ्यांची भाषणे ऐकून तरुण भारावले होते, त्यांच्यापासून वाटा वेगळ्या झाल्या त्या अशा.

त्यानंतरचा सर्वांत लक्षणीय प्रसंग २४ ऑक्टोबर १९०९ चा, विजयादशमीच्या भोजनाचा. बेजवॉटरमधील एका हिंदी उपाहारगृहात सुमारे सत्तर मंडळी जमली. गांधी अध्यक्षपद स्वीकारण्यास तयार झाले, पण जेवण शाकाहारी असावे आणि वादग्रस्त राजकारण बोलू नये या अटींवर. स्वयंपाकाचा भार विद्यार्थ्यांनीच उचलला. त्यांच्यात एक कृश गृहस्थ निमूटपणे कामाला लागले होते. तेच आजचे अध्यक्ष आहेत हे पुष्कळांना उशिरा कळले, असे सहभागी मंडळींनी पुढे सांगितले आहे. राजकारण वर्ज्य होते, म्हणून दोघेही रामायणावर बोलले. गांधींना रामकथेत त्याग आणि कष्टसहन दिसले. सावरकरांनी रावणवधावाचून रामराज्य आले नाही याकडे लक्ष वेधले. अट पाळली गेली आणि मोडलीही गेली, असे म्हणणे भाग आहे. काही आठवड्यांतच, १३ ते २२ नोव्हेंबरच्या दरम्यान, परतीच्या प्रवासात ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर गांधींनी ‘हिंद स्वराज’ लिहून काढले. लंडनमध्ये भेटलेल्या सशस्त्रमार्गी तरुणांना दिलेले ते उत्तर होते. विद्यार्थ्यांनी पाहुण्यांकडून घेतले तसे पाहुण्यानेही विद्यार्थ्यांकडून बरेच घेतले.

सावरकरांना या शिक्षणाची किंमत मोजावी लागली. परीक्षा देऊनही ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टरीची सनद नाकारली. सत्तावनच्या ग्रंथावर प्रकाशनापूर्वीच बंदी आली; तरी त्याचा इंग्रजी अनुवाद १९०९ मध्ये हॉलंडमध्ये छापला गेला. १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली, जुलैत मार्सेच्या बंदरात त्यांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली, आणि अखेर दोन जन्मठेपा, म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन ते अंदमानात पोहोचले.

मूळ मराठी हस्तलिखिताचे नशीब याहून विलक्षण. कुटिन्हो नावाच्या गोमंतकीय सहकाऱ्याने ते परदेशात सुमारे चार दशके जिवापाड सांभाळले. राणीच्या बलिदानाला सुमारे नव्वद वर्षे झाली होती, तेव्हा स्वातंत्र्यप्राप्तीनंतर ते लेखकाच्या हाती परत आले, आणि झाशीचे ते प्रकरण ज्या भाषेत लिहिले गेले होते त्या भाषेत प्रथमच उघडपणे छापले गेले.