बिशप आयर चॅटर्टन

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या उत्तरेस देवगडचा पडका किल्ला उभा आहे. येथील गोंड राजा बख्त बुलंद याने नागपूर शहर वसविले. देवगड, मंडला, खेरला व चांदा येथील गोंड राजघराण्यांची हकीकत एका ग्रंथात गुंफणारे आयर चॅटर्टन हे नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप होत.

त्यांचा जन्म इ. स. १८६३ मध्ये आयर्लंडात झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते धर्मोपदेशक झाले. पुढे डब्लिन विद्यापीठाच्या मिशनचे प्रमुख म्हणून ते हजारीबागला आले. याच मिशनने १८९९ मध्ये तेथे सेंट कोलंबा महाविद्यालय स्थापिले.

१९०३ मध्ये नागपूरचे नवे धर्मपीठ त्यांच्याकडे सोपविण्यात आले. मध्यप्रांत, मध्य भारत व राजपुताना एवढा अफाट मुलूख त्यांच्या देखरेखीखाली होता. नागपूरचे ऑल सेंट्स चर्च हे या धर्मपीठाचे मुख्य मंदिर ठरले. तेवीस वर्षे त्यांनी हा भार वाहिला.

एवढ्या व्यापातही येथील भूमीच्या पूर्वेतिहासाविषयी त्यांना जिज्ञासा वाटली. १९१६ मध्ये त्यांचा गोंडवनाच्या कथेचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १९२४ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्चचा इतिहासही लिहिला. १९२६ मध्ये ते निवृत्त झाले व १९५० मध्ये निधन पावले.

चॅटर्टन परकीय सत्तेच्या काळातील धर्माधिकारी होते. त्यांची दृष्टी मिशनऱ्याची होती, हे विसरून त्यांचा ग्रंथ वाचता येणार नाही. परंतु किल्ला आमच्या दाराशी आणि त्याची कथा मात्र सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसाने लिहावी, याचा विचार आम्हीही केला पाहिजे. गोंड बांधव आमचे शेजारी. त्यांच्या वृद्धांजवळ जे आहे ते आम्ही कधी आदराने विचारले काय?

काळ पालटला. १९३० मध्ये येथील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून स्वतंत्र झाले. १९७० मध्ये चॅटर्टन यांच्या त्याच नागपूरच्या मंदिरात अनेक पंथ एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. २०२३ मध्ये आमचा पांढुर्णा जिल्हाही वेगळा झाला. नव्या जिल्ह्याच्या विद्यार्थ्यांनी देवगड पाहावा, वडीलधाऱ्यांकडून ऐकावे आणि ऐकलेले लिहून ठेवावे. परदेशी मनुष्याने दाखविलेली जिज्ञासा आमच्या अंगी आली, तर त्यांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.